कावळ्याची टपली, टिटवीचा आरडाओरडा: फिरायला जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. सोसायटीत 'पक्षीवाल्या काकू' अशी ओळख झाल्यामुळे कावळ्याने कोणाला मारलं की पहिली तक्रार माझ्याकडे येते, जणू मीच त्याला पढवून सोडलाय. माणसं दरवर्षी नवी, प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय. माझं बघणं पुण्यातलं आहे: आमची सोसायटी, वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलावाचा काठ. कोकणात किंवा विदर्भात हंगाम थोडा मागेपुढे होईल, पण पक्ष्यांचे स्वभाव तेच.

मी त्याचं काहीच बिघडवलं नाही. मग कावळा माझ्याच डोक्यात का मारतो?

तुम्ही त्याच्या झाडाखालून गेलात, एवढंच बिघडवलंत. वर फांदीच्या बेचक्यात घरटं असतं. ते तुम्हाला दिसत नाही, पण वरून बघणाऱ्याला एक मोठा प्राणी पिलांच्या दिशेने चालत येताना स्वच्छ दिसतो. तुम्ही निवृत्त बँक मॅनेजर आहात आणि रोज पाच हजार पावलं मोजता, हे त्याला कळायला मार्ग नाही.

हल्ला अचानक झाला असं सगळे सांगतात. तो अचानक नसतो. गेल्या मे महिन्यात आमच्या गेटजवळच्या गुलमोहरावर घरटं होतं, तेव्हा समोरच्या बाकावर बसून मी रोज बघत होते. आधी एक कावळा केबलच्या तारेवर येऊन ओरडतो. नेहमीच्या 'काव'पेक्षा हा आवाज खरखरीत आणि भरभर असतो. माणूस चालतच राहिला तर तो घरट्याजवळच्या फांदीवर येतो, चोच फांदीवर आपटतो, कधी पानं आणि काटक्या तोडून खाली टाकतो. पानं पडायला लागली की समजावं, आता आपली पाळी. त्यानंतर तो आपण पुढे जायची वाट बघतो आणि मागून येतो. समोरून आलेला कावळा मी क्वचितच पाहिलाय. डोक्यावरून जाता जाता पायाने टपली, कधी चोच, आणि बहुतेक वेळा नुसता पंखांचा वारा. बाकीचं काम आपली भीती करते.

आजूबाजूला घरटं कुठेच नाही. तरी मारतो.

मग पिलू खाली आहे. कावळ्याची पिलं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि मेंदीच्या कुंपणात, जिन्याखाली, उभ्या स्कूटरच्या पायठेवणीवर जाऊन बसतात. आखूड शेपूट, विस्कटलेला काळा पिसारा, तोंड उघडलं की आत लालसर गुलाबी. इतके दिवस ते वीस-पंचवीस फूट वर होतं, आता तुमच्या बुटाच्या उंचीवर आहे. आईबापांचा जीव थाऱ्यावर कसा राहील? हेच चार-सहा दिवस सगळ्यांत वाईट. पिलू कुठे आहे ते वॉचमनला विचारा. त्याला नेहमी माहीत असतं, कारण पहिली टपली त्यालाच बसलेली असते.

हे किती दिवस चालणार?

गावकावळ्याची अंडी १६-१७ दिवसांत फुटतात आणि पिलं साधारण तीन ते चार आठवडे घरट्यात राहतात. पण सगळे दिवस सारखे नसतात. अंडी असताना नुसती कुरबुर असते. पिलं जसजशी भरतात तसतसा आईबापांचा धीटपणा वाढतो आणि घरटं सोडायच्या सुमारास कळस होतो. यामागे हिशेब आहे. अंडी गेली तर पुन्हा घालता येतात. वीस दिवस भरवलेलं पिलू गेलं तर हंगामच गेला. म्हणून खरा त्रास दोन, फार तर तीन आठवड्यांचा. आमच्याकडे तो बहुधा मेच्या उत्तरार्धात आणि जूनमध्ये येतो. डोमकावळा, म्हणजे तो पूर्ण काळा, जाड चोचीचा, त्याचं बिऱ्हाड याच्या आधी थाटलेलं असतं.

याच दिवसांत कोकिळेला कावळ्याच्या घरट्यात अंडं घालायचं असतं. त्यामुळे कावळे आधीच डोळ्यांत तेल घालून असतात, आणि त्यात तुम्ही जाता. एवढा पहारा करूनही कोकिळेचं पिलू वाढवतात ते कावळेच, ही गंमत वेगळी.

माझ्या बायकोला काही करत नाही, मी दिसलो की मात्र धावून येतो. ओळख ठेवतो की काय?

ठेवत असणार. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. कावळे पकडताना त्यांनी आदिमानवाचा रबरी मुखवटा घातला. पकडलेल्या कावळ्यांना खुणेची कडी घालून सोडून दिलं. त्यानंतर तोच मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं, बाई असो वा पुरुष, उंच असो वा बुटका, की कावळे जमून ओरडायचे. दुसरा मुखवटा घातला तर ढुंकूनही बघायचे नाहीत. जे कधी पकडले गेले नव्हते असे कावळेही पुढे त्या ओरड्यात सामील झाले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तो कावळा अमेरिकन, आपला गावकावळा जातीने वेगळा. पण घराणं एकच आणि बुद्धीही त्याच मापाची.

आता खरं सांगा, एखाद्या वर्षी दगड उचलला होतात का? ज्यांनी मला हा प्रश्न विचारला त्यांतल्या दोघांनी शेवटी मान खाली घालून 'हो' म्हटलं. एकाने तर फक्त वाकून चप्पल काढली होती. कावळ्याच्या लेखी वाकणं म्हणजे दगडच.

कावळा डोक्याला शिवला. अपशकुन असतो म्हणतात, काही करावं लागतं का?

डोकं साबणाने धुवावं लागतं.

माझ्या आजीच्या काळी याचा मोठा बाऊ होता. कावळा डोक्याला लागला की त्या माणसाचं मरण टळावं म्हणून तो गेल्याची खोटी बातमी नातेवाइकांना कळवायची. कोणीतरी खरोखर रडलं की अरिष्ट उतरलं! आमच्या एका मामांना असं पोस्टकार्ड गेलं होतं. ते दोन एसट्या बदलून, सुतकी चेहऱ्याने दारात आले आणि 'मयत' माणसाने त्यांना पाण्याचा तांब्या दिला. मामा नंतर वर्षभर आमच्याकडे जेवले नाहीत.

ज्या कावळ्याने पिंडाला शिवावं म्हणून आपण उन्हात तासन्‌तास ताटकळतो, त्यानेच मे महिन्यात आपणहून शिवलं की अपशकुन, हे मला कधी झेपलं नाही.

टेकडीवर टिटवी माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत सुटते. ती चावेल का?

नाही. टिटवी सूर मारून अगदी कानाजवळून जाते, अंगावर येण्याचा आव आणते आणि शेवटच्या क्षणी वळते. तिचं हत्यार म्हणजे आवाज. 'टिटिव-टिव, टिटिव-टिव' हा गजर तिला कुत्रं दिसलं तरी होतो आणि ट्रॅकसूट दिसला तरी.

तिच्याविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे धोका तुम्हाला नाही, तुमच्यापासून आहे. टिटवी झाडावर घरटं करत नाही. उघड्या माळावर एक उथळ खळगा, भोवती थोडे खडे, कधी शेळीच्या लेंड्या, आणि मध्ये सहसा चार अंडी, टोकं आत करून मांडलेली. मळकट पिवळ्या रंगावर काळे डाग. मी एकदा पाषाणच्या बाजूला एका खळग्याच्या पाचेक फुटांवर उभी राहून दुर्बिणीने लांब काठावर अंडी शोधत होते. शेजारून चाललेल्या शेळीवाल्या आजी म्हणाल्या, "बाई, पायाखाली बघ." बघितलं तर दोन खडे, दोन खडे, आणि त्यांतले चार खडे जरा जास्तच सारखे! मी आल्या पावली मागे सरले, त्याच ठशांवर पाय ठेवत.

ही अंडी जवळजवळ महिनाभर उबवावी लागतात, तीही आपल्या उन्हाळ्यात. भर दुपारी तिला उबवण्याऐवजी सावली धरावी लागते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. तुम्ही तिच्या ओरडण्याचं कौतुक करत तिथे दहा मिनिटं रेंगाळलात तर अंडी दहा मिनिटं उन्हात तापतात. दुपारी बारा वाजता दहा मिनिटं फार झाली.

दुसरं असं की ती जिथे ओरडते तिथे अंडी नसतात. माणूस लांब असतानाच ती खळग्यावरून गुपचूप उठते, मान खाली घालून पंधरा-वीस पावलं चालते आणि मग दुसरीकडूनच बोंब ठोकते. म्हणून ओरडा ऐकू आला की पायवाट सोडायची नाही. आलात त्याच वाटेने पुढे किंवा मागे. पिलं तर अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालायला लागतात आणि आईने इशारा दिला की जमिनीला चिकटून निपचित पडतात. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

टिटवी ओरडली की कोणीतरी जाणार, अशीही एक समजूत आहे. तिच्यावर सगळ्यांनी काही ना काही लादलंय: आकाश कोसळू नये म्हणून ती पाय वर करून झोपते, तिने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला होतो. मला त्यातली एकच गोष्ट आवडते, अंडी नेली म्हणून समुद्राशी वैर धरणाऱ्या टिटवीची. ती लिहिणाऱ्याने टिटवी नीट पाहिलेली होती.

एक पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जात होता. उचलायला गेलो तर उडून गेला!

फसवलं तुम्हाला, आणि छान फसवलं. रातवा आणि नदीकाठचे छोटे चिखले ही युक्ती करतात. जायबंदी झाल्याचं सोंग करून शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायचं आणि पुरेसं अंतर पडलं की भुर्र. असा पक्षी दिसला तर त्याच्या मागे जाऊ नका आणि तो उठला तिथेही शोधायला जाऊ नका. आल्या वाटेने परत फिरा.

गच्चीवर घार मारते. हे कावळ्यासारखंच समजायचं का?

अजिबात नाही. कावळ्याच्या टपलीची मी थट्टा करते, घारीची करत नाही. तिच्या पंजाची नखं आकडीसारखी असतात आणि ती वेगात, आवाज न करता येते. टाळूवर लांबलचक ओरखडा उठलेला मी पाहिलाय.

घारीचा हंगाम लवकरचा. हिवाळ्यात उंच निलगिरीवर, वडावर, नाहीतर मोबाइलच्या मनोऱ्यावर काटक्या, चिंध्या, प्लॅस्टिक जमवून घरटं होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत पिलं मोठी होतात. नेमकी तीच आपली पापड-कुरडया वाळत घालायची वेळ. घरटं गच्चीच्या पातळीवर असेल तर तुम्ही तिच्या दारातच उभे राहता. अशा वेळी गच्चीचा तो कोपरा सोडा. टाकी साफ करायला किंवा डिश अँटेना बसवायला येणाऱ्या मुलाला आधी सांगा आणि हेल्मेट घालूनच वर पाठवा. कठड्याजवळ दचकून तोल गेला तर घारीपेक्षा ते भयंकर.

रोज शेव-पोळी घातली तर दोस्ती होईल?

दिल्लीतल्या घारींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे माणसं घारींना मांसाचे तुकडे उधळतात आणि जिथे माणसांचा वावर व कचरा जास्त, त्या भागातल्या घारी घरटं राखताना माणसांवर जास्त चाल करून येतात असं त्यात दिसलं. खाऊने भीड चेपते, प्रेम वाढत नाही. कावळ्याबाबतही माझा अनुभव असाच. हंगामात तरी हात आखडता घ्या.

कोतवाल एवढासा पक्षी, त्याला काय घाबरायचं?

घाबरू नका. तो घारीच्या पाठीवर बसून टोचतो, तुम्हाला काय सोडणार! त्याच्या झाडाच्या आसऱ्याला बुलबुल, होले असे भिडस्त पक्षी घरटी करतात. कोतवाल हे नाव उगाच नाही पडलं. माणसाला बहुतेक नुसती झडप घालून परत जातो.

बरं, मग नेमकं करायचं काय?

रस्ता बदला. मला माहीत आहे, हे उत्तर कोणालाच आवडत नाही. 'आम्ही पंधरा वर्षं याच रस्त्याने जातो' असं ऐकवतात. पण झाडाच्या पलीकडच्या फूटपाथने गेलं तरी पुष्कळदा भागतं. वीस-तीस पावलांचा वळसा.

जायलाच हवं असेल तर छत्री उघडा. छत्रीसारखा उपाय नाही, आणि मेमध्ये उन्हालाही उपयोगी. छत्री नसेल तर कडेची टोपी. पळू नका, हातवारे करू नका, काठी फिरवू नका. थांबून वळून त्याच्याकडे बघा; आपण बघतोय हे कळलं की कावळा सहसा फांदीवरच राहतो. मग पाठ न फिरवता तिरकं चालत निघून जा. सुंदरबनात १९८०च्या दशकात मध आणि लाकडं गोळा करणारे लोक वाघासाठी डोक्यामागे मुखवटा बांधायचे, तोच विचार. आमच्या इथल्या एका आजोबांनी टोपीच्या मागे स्केच पेनने दोन डोळे काढले होते. कावळा फसला की नाही ठाऊक नाही, मुलं मात्र आठवडाभर खूश होती.

लहान मूल बरोबर असेल तर त्याला कडेवर उचलून घेऊ नका, त्याचं डोकं वर येतं. हात धरून छत्रीखाली घ्या.

ओरखडा उठला तर इंजेक्शन घ्यावं लागतं?

साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा. रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी झालंय ते ते विचारतील. रेबीजची भीती पक्ष्यांकडून नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग. डोळ्याला लागलं असेल तर घरगुती काही न करता थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

सेक्रेटरी म्हणतात, घरटं काढून टाकू. चालेल का?

वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंडी-घरटी विस्कटणंही येतं. कावळा पूर्वी 'उपद्रवी' प्राण्यांच्या यादीत होता, त्यामुळे लोक बिनधास्त असत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती यादीच गेली. शिवाय शहरात फांदी तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अडलंच तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर विचारा.

कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय उलटतो. एका वर्षी आमच्या कमिटीने मला न विचारता घरट्याची फांदी छाटली. खाली तारांचा गुंता पडला, त्यात कपड्यांचे दोन हँगर होते, एक माझाच. कावळे गेले का? चार दिवस ते खाली दिसेल त्याला मारत होते. नंतर बी विंगच्या पाइपांच्या आडोशाला नवं घरटं सुरू झालं, पहिल्यापासून. जे जूनमध्ये संपलं असतं ते जुलैअखेर चाललं.

पिलू खाली पडलंय. घरी आणू?

पिसं फुटलेली असतील आणि फुदकत असेल तर ते पडलेलं नाही, बाहेर निघालंय. कुत्र्या-मांजराचा धोका असेल तर जाड टॉवेलने उचलून जवळच्या फांदीवर किंवा भिंतीवर ठेवा आणि लगेच लांब व्हा. माणसाचा वास लागला की आईबाप टाकतात, ही समजूत चुकीची आहे. उचलताना दुसऱ्या कोणाला तरी छत्री धरायला लावा, हे अनुभवाने सांगते. अगदी उघडं, डोळे मिटलेलं किंवा रक्ताळलेलं असेल तर मात्र वनखात्याला किंवा पक्षी-बचाव करणाऱ्यांना फोन.

कुत्र्याला टेकडीवर मोकळं सोडलं तर?

मार्च ते ऑगस्ट नको. साखळीनेच न्या. टिटवीचं ओरडणं ऐकून कुत्र्याला खेळ सुचतो आणि नाकाला अंडी सापडतात.

मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो. तिथे तर फारच मारतात. कोणता पक्षी?

मॅगपाय. आपल्या दयाळाशी गोंधळ करू नका. तो चिमणीपेक्षा थोडा मोठा, हा जवळजवळ कावळ्याएवढा. तिथला त्यांचा मारायचा हंगाम ऑगस्ट-ऑक्टोबरचा, म्हणजे आपण गणपतीला जातो तेव्हाच. मारणारे जवळपास सगळे नर, आणि त्यांतलेही थोडेच; बहुतेक मॅगपाय कोणाला काही करत नाहीत. सायकलवाल्यांवर विशेष राग. तिथली मंडळी हेल्मेटला प्लॅस्टिकच्या केबल-टाय काट्यांसारख्या खोचून फिरतात. सोपा उपाय म्हणजे उतरून सायकल हाताने नेणं. तिथल्या मैदानांवर आपल्या टिटवीची चुलत बहीणही अंडी घालते. तिच्या पंखांना पिवळे काटे असतात आणि ती आपलीपेक्षा बरीच तापट.

घरट्याचा फोटो काढू का? फक्त एकच.

नको.

पुढच्या वर्षीही तिथेच येणार?

घारी बहुधा जुनंच घरटं डागडुजी करून वापरतात. कावळे नवं बांधतात, पण परिसर तोच धरतात. आमच्या गुलमोहरावर कालपासून एक कावळा काटकी घेऊन येतोय, एकाच बेचक्यात ठेवतोय आणि ती खाली पडतेय. आज सकाळी त्याने केबलवाल्याने टाकलेला तारेचा तुकडा आणला, तो अडकला. गेटवर पाटी लावायला सांगितलीय. आणि हो, माझे हँगर मी आत घेतलेत.